ॲबी लिंकन ऐकतं का इथे कुणी?

कातरवेळ
रविवार, रात्री १०:५२

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच बाई गातेय. लेक विचारतो, "आज पण तीच आजी?" हो बाबा, आज पण तीच.

जॅझ गायिका म्हटलं की आपली गाडी एला, सारा वॉन आणि बिली हॉलिडे या तीन स्टेशनांवर थांबते. मीही तिथेच उतरून घरी जात होते. ॲबी लिंकन भेटली ती उशिरा, आणि तीही शेवटाकडून. 'ॲबी सिंग्ज ॲबी' हा तिचा २००७ चा अल्बम, तिच्या हयातीतला शेवटचा. त्यातलं पहिलं गाणं 'ब्लू मंक'. चाल जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकची, शब्द ॲबीचे. तेव्हा बाई सत्तरीच्या पुष्कळ पुढे. आवाज वाळलेला. ओळीच्या शेवटी सूर धरायला जाते आणि तो धरवत नाही, तर सरळ सोडून देते आणि पुढचा शब्द आपल्याशी बोलल्यासारखा म्हणते. मागे पियानो नाहीच. ॲकॉर्डियन आहे आणि अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांत असते ती पेडल स्टील गिटार. मी भाजी निवडत होते. मेथीची अर्धी जुडी तशीच राहिली.

मग शोधाशोध केली तर कळलं की हेच गाणं ती १९६१ च्या 'स्ट्रेट अहेड'मध्येही गायलेली आहे. तेव्हा वय तीस. लावलं. आवाज ताणलेल्या तारेसारखा, प्रत्येक अक्षर तासून ठेवलेलं. मला जास्त आवडलं ते म्हातारीचं. का आवडलं, हे शोधण्यासाठी हा धागा.

थोडी माहिती, कुणाला नवी असेल तर. जन्म १९३० चा, शिकागोचा. खरं नाव ॲना मरी वुल्ड्रिज. बारा भावंडांत दहावी, वाढली मिशिगनमध्ये शेतावर. 'ॲबी लिंकन' हे नाव दिलं तिच्या मॅनेजरने, गीतकार बॉब रसेलने. अब्राहम लिंकनने गुलाम काही मुक्त केले नाहीत, बघ तुला जमतंय का, अशी त्यामागची थट्टा. सुरुवातीला तिला नटवूनच उभं केलं जायचं. १९५६ च्या एका सिनेमात तिने मेरिलिन मन्रोचा लाल झगा घालून गाणं म्हटलंय. पुढे तो झगा तिने भट्टीत टाकून जाळला.

जाळायच्या आधी ढोलकवाला भेटला होता. मॅक्स रोच. (ड्रमर लिहायला हवं, पण आमच्या घरी तो ढोलकवालाच आहे.) १९६० साली दोघांनी मिळून 'वी इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट' केला. त्यावर कुणी जाणकाराने लिहावं.

मला मुख्य म्हणजे गीतकार ॲबीबद्दल बोलायचंय. स्वतःची गाणी तिने मनावर घेऊन लिहायला सुरुवात केली सत्तरच्या दशकात, आणि ती जगाने ऐकली १९९० पासून, व्हर्व कंपनीने तिचे अल्बम काढायला घेतल्यावर. म्हणजे बाई साठीची. आपल्याकडे साठीला शाल-नारळ देऊन बसवतात. हिने पुढच्या सतरा वर्षांत अल्बमांची रांग लावली. त्यातला १९९१ चा 'यू गॉटा पे द बँड' तर हवाच. त्यात सॅक्सोफोनवर स्टॅन गेट्झ आहे, त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग. कॅन्सर झालेला होता, काही महिन्यांत गेलाच. त्यातलं 'बर्ड अलोन' ऐका आणि इथे येऊन लिहा.

---

टिनपाट
रविवार, रात्री ११:२०

रुमाल टाकून ठेवतो. 'ड्रायव्हा मॅन'वर लिहायचंय, पण उद्या सकाळी सातची शिफ्ट आहे.

---

चष्मिष्ट
रविवार, रात्री ११:४१

लेख उत्तम. एक दुरुस्ती. 'यू गॉटा पे द बँड' हे गेट्झचं शेवटचं रेकॉर्डिंग नाही. ते फेब्रुवारी १९९१ चं. त्यानंतर मार्चमध्ये कोपनहेगनला पियानोवादक केनी बॅरनबरोबर 'पीपल टाइम' झालं. गेट्झ गेला जूनमध्ये. म्हणजे शेवटून दुसरं म्हणा हवं तर.

---

कातरवेळ
रविवार, रात्री ११:४८

चष्मिष्ट, तुम्ही येणार हे माहीतच होतं. :) दुरुस्ती मान्य. धाग्यात बदल करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद हवेत लटकेल.

---

अण्णा डोंबिवलीकर
सोमवार, सकाळी ९:१५

तुम्ही सांगितलंत म्हणून दोन गाणी लोकलमध्ये ऐकली. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बाई बेसूर आहेत. सूर खाली लागतो, आणि एकदा नव्हे, सारखा. आमचं घर किराणा घराण्याचं. वडील म्हणायचे, बाकी सगळं नंतर, आधी षड्ज लागू दे. वय झालं म्हणून सूट द्यायची तर द्या, पण मग कौतुक गाण्याचं करतोय की वयाचं, ते ठरवा.

शब्द चांगले असतील. इंग्रजी गाण्याचे शब्द मला एका ऐकण्यात कळत नाहीत.

---

कातरवेळ
सोमवार, सकाळी १०:०५

अण्णा, राग कसला! पण एक सांगा, दरबारीचा गंधार पेटीवर सापडतो का? तोही खालीच असतो की. जॅझमध्येही गंधार आणि निषाद असे उतरवून घ्यायची जुनी रीत आहे, ब्लूजमधून आलेली.

---

अण्णा डोंबिवलीकर
सोमवार, सकाळी १०:३०

दरबारीचा गंधार खाली असतो तो ठरवून. दहा वेळा घ्या, दहाही वेळा त्याच घरात येतो. तुमच्या बाईंचा कुठे उतरेल ते त्यांनाच माहीत नाही. ही तुलना चालणार नाही.

---

मांडवी
सोमवार, दुपारी १:१०

अण्णांना +१ आणि कातरवेळ यांनाही +१. :ड

मला हे वाचताना आमची लॉर्ना आठवली. क्रिस पेरीच्या बँडबरोबर गाऊन गोवा-मुंबई डोक्यावर घेतलेली. मधली कितीतरी वर्षं ती गायलीच नाही आणि १९९५ साली परत उभी राहिली. आमच्या घरी आई-बाबा तिच्या गाण्यांवर स्वयंपाकघरात नाचतात अजून. तिचाही आवाज गोड म्हणता येणार नाही, पण पहिल्या शब्दाला ओळखू येतो.

अवांतर : ॲबीच्या १९५७ च्या 'दॅट्स हिम' या अल्बममध्ये सॅक्सोफोनवर सॉनी रॉलिन्स आहे. तो पुढे साठच्या दशकात मुंबईत येऊन पवईच्या आश्रमात राहिला होता आणि १९७८ च्या जॅझ यात्रेत वाजवायला पुन्हा आला. माझे मामा त्या रात्री रंगभवनात होते. दर गणपतीला आम्हाला ते ऐकावं लागतं.

---

चष्मिष्ट
सोमवार, दुपारी १:३५

अवांतराला अवांतर : त्याच 'दॅट्स हिम'मध्ये 'डोन्ट एक्स्प्लेन' या गाण्याला बासवादक पॉल चेंबर्स नाही. तिथे बास वाजवलाय पियानोवादक विंटन केलीने, म्हणून त्या गाण्यात पियानो ऐकू येत नाही.

---

कातरवेळ
सोमवार, दुपारी २:०२

मांडवी, लॉर्नाची आठवण एकदम पटली. फरक एवढाच की लॉर्ना दुसऱ्याने बांधलेली गाणी घेऊन परतली. ॲबी परतली ती स्वतःची वही घेऊन.

मामांना या धाग्यावर आणा ना.

---

टिनपाट
सोमवार, रात्री ९:४०

आलो. आधी 'ड्रायव्हा मॅन', मग अण्णांकडे वळतो.

'फ्रीडम नाऊ स्वीट'चं मुखपृष्ठ बघा. उपाहारगृहाच्या काउंटरवर तीन काळे तरुण बसलेत, वळून थेट आपल्याकडे बघतायत, आणि पलीकडे गोरा वेटर. त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६० मध्ये, ग्रीन्सबरो गावात चार विद्यार्थी 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या काउंटरवर जाऊन बसले होते. रेकॉर्डिंग ऑगस्ट-सप्टेंबरचं. म्हणजे बातमी ताजी असतानाच.

पहिलं गाणं 'ड्रायव्हा मॅन'. ड्रायव्हर म्हणजे गुलामांवर नेमलेला मुकादम. सुरुवातीला ॲबी एकटी, हातात फक्त खंजिरी. मग पाच मात्रांचं आवर्तन सुरू होतं आणि समेवर दरवेळी कडाड असा एक आघात. मी ड्रम वाजवतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात का होईना, म्हणून सांगतो. पाचात वाजवायचं तर हात आपोआप झुलायला लागतो, तीन-दोन, तीन-दोन. मॅक्स रोच झुलू देत नाही. चार मात्रा चालायचं आणि पाचवी संपते न संपते तोच पाठीवर आसूड. ॲबी त्यावर अजिबात रडवेली होऊन गात नाही. मुकादमाचं वर्णन करावं तसं सपाट, एक-एक शब्द आपटत जाते. शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे.

मग कोलमन हॉकिन्सचा सॅक्सोफोन. पंचावन्नचा माणूस, त्या काळी दिग्गज. वाजवताना मध्येच पत्ती किंचाळते, चक्क चूक. बाकीचे म्हणाले, तेवढं कापून नीट करू. हॉकिन्स म्हणाला, हात लावायचा नाही, असल्या गाण्यात सगळं बिनचूक झालं तर काहीतरी फार चुकलंय असं समजा. ती किंचाळी रेकॉर्डवर आजही आहे.

अण्णा, आता तुमच्याकडे. ही गोष्ट १९६० ची, तेव्हा ॲबी तिथे समोर उभी होती. सहा महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १९६१ ला, 'स्ट्रेट अहेड'चं रेकॉर्डिंग. 'ब्लू मंक'ला शब्द लिहिलेत म्हणून खुद्द मंक स्टुडिओत आलेला. तिचं गाऊन झाल्यावर तो जवळ आला आणि कानात म्हणाला, इतकी बिनचूक गाऊ नकोस. तिला काही उमगेना. मॅक्सला विचारलं. तो म्हणाला, त्याला म्हणायचंय चूक कर, कशासाठी तरी हात लांब करून बघ.

सांगायचं काय, तर तिशीतली ॲबी सुरात गात होती, अगदी टकाटक. सूर खाली लागतो तो लागत नाही म्हणून नव्हे. तिला दोन म्हाताऱ्यांनी बिघडवलंय.

---

अण्णा डोंबिवलीकर
सोमवार, रात्री १०:१५

मंक म्हातारा नव्हता तेव्हा. पण मुद्दा पोचला. गोष्ट झकास आहे. गोष्टीने सूर लागत नाही मात्र.

---

पिंपळपान
मंगळवार, सकाळी ८:२०

टिनपाट, आसूड शब्द वाचला आणि थांबले. 'गुलामगिरी' १८७३ ची. ज्योतिरावांनी ते पुस्तक अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. पुण्यात बसून. शाळेत असताना ती अर्पणपत्रिका कुणी वाचून दाखवली नाही, मला ती एम.ए.ला सापडली. 'ड्रायव्हा मॅन' आज पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते परक्या देशातलं वाटलंच नाही.

त्याच अल्बममधलं 'ट्रिप्टिक' मात्र पूर्ण ऐकू शकले नाही. ते किंचाळणं सुरू झाल्यावर आवाज बंद केला. शेजारच्या काकू बेल वाजवतील असं वाटलं.

---

टिनपाट
मंगळवार, दुपारी १२:४५

पिंपळपान, पूर्ण ऐका. फक्त ड्रम आणि तिचा गळा, शब्द एकही नाही. प्रार्थना, निषेध, शांती असे तीन भाग. मधल्या भागात ती मिनिटभराहून जास्त वेळ नुसती किंचाळते. तिसऱ्या भागात दमलेला श्वास आहे, तो त्या किंचाळीनंतरच कळतो. मधूनच बंद केलंत तर शांती मिळायची नाही. (विनोद नाही, खरंच.)

---

चष्मिष्ट
मंगळवार, दुपारी ३:३०

याची किंमत तिने मोजली ते कुणी लिहिलं नाही अजून.

१५ फेब्रुवारी १९६१ ला, म्हणजे मंकवाल्या रेकॉर्डिंगच्या बरोबर एक आठवडा आधी, काँगोचा पहिला पंतप्रधान लुमुम्बा याच्या हत्येविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत प्रेक्षकांच्या सज्जातून निदर्शनं झाली. ती घडवून आणणाऱ्यांत ॲबी होती, लेखिका माया अँजेलू होत्या. त्याच वर्षी 'स्ट्रेट अहेड' आला आणि 'डाउनबीट' मासिकात आयरा गिटलरने परीक्षण लिहिलं. सूर-तालाबद्दल तक्रारी होत्याच (अण्णा, तुम्ही एकटे नाही), पण मुख्य टोला असा की ही बाई आता कृष्णवर्णीय असण्याचाच धंदा करते आहे. त्यावर इतका गदारोळ झाला की १९६२ च्या मार्चमध्ये मासिकाने गिटलर, ॲबी, रोच आणि आणखी काही जणांना समोरासमोर बसवून चर्चा छापली. दोन अंकांत मिळून.

त्यानंतर तिच्या स्वतःच्या नावाचा पुढचा अल्बम थेट १९७३ चा, 'पीपल इन मी'. आणि तो रेकॉर्ड झाला जपानमध्ये. मधल्या काळात सिनेमे केले, १९६८ च्या 'फॉर लव्ह ऑफ आयव्ही'त सिडनी पॉइटियरची नायिका होती. मॅक्स रोचशी लग्न १९६२ ते १९७०.

---

कातरवेळ
मंगळवार, रात्री ९:१०

चष्मिष्ट, याबद्दल तुम्हाला साष्टांग.

मला त्या रिकाम्या वर्षांबद्दलच कुतूहल आहे. लग्न मोडल्यावर ती लॉस एंजेलिसला आईजवळ गेली, गॅरेजवरच्या खोलीत राहिली, कॉलेजात नाटक शिकवलं. १९७२ मध्ये दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबाबरोबर आफ्रिकेत गेली, तिथे तिला अमिनाता आणि मोसेका अशी दोन नावं मिळाली. गाणी लिहिली जायला लागली ती याच काळात. दुसऱ्यांची गाणी म्हणणारी नटवलेली पोरगी, मग नवऱ्याच्या संगीतातला आवाज, आणि मग कुणीच विचारत नसताना स्वतःचे शब्द.

'थ्रो इट अवे' त्याच काळातलं. तिने ते जन्मभर गायलं. १९९५ च्या 'अ टर्टल्स ड्रीम'मध्ये आहे आणि २००७ मध्येही. मी ते मराठीत आणायचा प्रयत्न करतेय आणि पहिल्याच शब्दावर अडले. 'फेकून दे' म्हटलं तर कचरा वाटतो. 'टाकून दे' म्हटलं तर बायको टाकल्यासारखं. गाण्याचा मथितार्थ असा : हात उघडे ठेव, प्रेम देऊन टाक, रोज दे, जे खरोखर तुझं आहे ते हरवायचं नाही. सुचवा काहीतरी.

---

पिंपळपान
मंगळवार, रात्री ९:३८

'उधळून दे'?

---

मांडवी
मंगळवार, रात्री ९:५०

उधळण्यात गुलाल आहे, वरात आहे. ही बाई वरातीतली नाही. 'सोडून दे'?

---

अण्णा डोंबिवलीकर
मंगळवार, रात्री १०:२०

'सोडून दे' म्हणजे नाद सोड. उलटा अर्थ होईल. आमच्या आजी मूठ उघडून चिमण्यांना दाणे टाकायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे." कुणी काही मागितलं, कुणी काही नेलं, फुटलं, सांडलं, तरी "जाऊ दे." त्यात देणंही आलं आणि गेल्याचं दुःख न करणंही.

---

कातरवेळ
मंगळवार, रात्री १०:२३

अण्णा!!! 'जाऊ दे'. हेच. चालीतही बसतंय. शेवटचं 'दे' लांबवता येतंय, तीही तिथेच रेंगाळते.

आणि आता मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं सापडल्यासारखं वाटतंय. म्हातारी ॲबी ओळीच्या शेवटी सूर सोडते ना, ते हेच आहे. तिशीतली प्रत्येक सूर घट्ट धरून होती.

---

दूरदेशी
बुधवार, सकाळी ६:०५

न्यू जर्सीहून. उशिरा आलो, सगळा धागा एका दमात वाचला.

मी ॲबी लिंकनला प्रत्यक्ष ऐकलंय आणि ते मला आत्तापर्यंत सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. २००२, लिंकन सेंटर. तिच्याच रचनांचे कार्यक्रम होते. ऑफिसातल्या एकाकडे जादा तिकीट होतं, मी नवा होतो, 'नाही' कसं म्हणायचं ते कळेना. डोक्यावर काळी टोपी घातलेली एक उंच बाई एवढं आठवतं. कानांना तेव्हा किशोरकुमार आणि सुधीर फडके यांच्यापलीकडे वळण नव्हतं. अर्ध्यात डुलकी लागली. परतताना ट्रेनमध्ये मित्र डोळे पुसत होता आणि मी घड्याळ बघत होतो.

काल रात्री 'बर्ड अलोन' लावलं. गेट्झ सुरुवात करतो तेव्हा ठीक वाटत होतं. ती आली, पहिल्या दोन ओळी झाल्या आणि मी बायकोला म्हटलं, अगं हिला मी पाहिलंय. बायको म्हणाली, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

तो मित्र आता ओहायोत असतो. त्याला आज मेसेज टाकला. अजून उत्तर नाही.

---

पिंपळपान
बुधवार, सकाळी ८:४०

दूरदेशी, _/\_

'ट्रिप्टिक' काल पूर्ण ऐकलं. हेडफोन लावून, काकूंच्या भीतीने. टिनपाट, तिसरा भाग तुम्ही म्हणता तसाच आहे.

---

नवशिका_७
बुधवार, दुपारी ४:१५

छान धागा. सुरुवात कुठून करू? सगळं एकदम झेपणार नाही.

---

कातरवेळ
बुधवार, संध्याकाळी ६:३०

आधी 'यू गॉटा पे द बँड'. हँक जोन्सचा पियानो, चार्ली हेडनचा बास, सगळे मुरलेले लोक, काही बोचत नाही. मग 'अ टर्टल्स ड्रीम'. मग 'स्ट्रेट अहेड'. 'फ्रीडम नाऊ' घरात कुणी नसताना. १९५६-५७ ची गोडगोड गाणी नाही ऐकलीत तरी चालेल, हे माझं मत, चष्मिष्ट येतीलच.

---

चष्मिष्ट
बुधवार, संध्याकाळी ६:५२

आलो. १९५९ चा 'ॲबी इज ब्लू' सुटला.

---

अण्णा डोंबिवलीकर
गुरुवार, सकाळी ९:२०

'थ्रो इट अवे' काल दोनदा ऐकलं, शब्द समोर ठेवून. सूर खालीच आहे. माझं मत बदललेलं नाही.

आता दिवा स्टेशनात सिग्नल नाही म्हणून गाडी थांबलीय. तिसऱ्यांदा लावलंय. कातरवेळ, मराठी शब्द पूर्ण झाले की इथे टाका, चालीवर बसवून बघतो.